बैलाला लस, मग कुत्र्याला का नको?

मूल तालुका हा धानाचा व वनाचा प्रदेश होय. येथील शेतकऱ्याच्या घरी बैलजोडीप्रमाणेच कुत्राही कामाचा असतो. धान निसवू लागले की रानडुकरांवर नजर ठेवीत तो धन्याबरोबर बांधावर रात्र जागवितो. उन्हाळ्यात मोहफुले वेचणाऱ्यांच्या सोबतीस वनात जातो. मांजर धानाच्या कोठीभोवती उंदरांचा बंदोबस्त करते. पावसाळ्यापूर्वी बैलास घटसर्प व फऱ्या या रोगांची लस टोचून घ्यावी, हे आता शेतकऱ्यांना पटले आहे. त्या वेळी अंगणातील कुत्र्यामांजरांचे मात्र स्मरण होत नाही. ही उपेक्षा घातक आहे.

रेबीज अथवा पिसाळ रोगाचे विषाणू रोगी जनावराच्या लाळेत असतात व चाव्यावाटे शरीरात शिरतात. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस असो वा बैल, मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे दगावतात. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश भारतातील असतात. लुई पाश्चर यांनी १८८५ साली या रोगावरील लस प्रथम माणसास टोचली. इतका जुना उपाय हाती असता मृत्यू घडावेत, ही खेदाची गोष्ट आहे.

मूलच्या शेतकऱ्यास आणखी एक कारण लक्षात घ्यावे लागेल. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प येथून जवळ आहे आणि बिबट्या अंगणातील कुत्रा उचलून नेतो. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग अशा मार्गाने वनात पोहोचू शकतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत या रोगाने सुमारे एकतृतीयांश सिंह मेले. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मृत्युमुखी पडले, तेव्हा त्यांच्यातही हा विषाणू आढळला. म्हणून वनालगतच्या गावांत रेबीजबरोबर डिस्टेंपरची लसही कुत्र्यास देणे इष्ट होय.

‘कुत्रा साऱ्या गावाचा, खर्च एकट्याने का सोसावा?’ असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. एकाच घरचा कुत्रा सुरक्षित करून गाव सुरक्षित होत नाही; निदान शेकडा ७० कुत्र्यांना लस मिळाली तरच रोगाची साखळी तुटते. परंतु याच कारणास्तव हे काम ग्रामपंचायतीने हाती घ्यावे. कुत्री मारून टाकणे हा उपाय नव्हे. त्यांच्या जागी लस न घेतलेली नवी कुत्री येतात. गोव्यात गावोगाव कुत्र्यांना नेमाने लस टोचली गेली आणि २०२१ साली ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले.

गुरांच्या लसीकरणाच्या दिवशीच कुत्र्यामांजरांनाही आणण्याची दवंडी द्यावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास त्यांची संख्या आधी कळवावी. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, महिन्याने दुसरी व पुढे दरवर्षी एक, हा क्रम चुकवू नये. कोणास कुत्रे वा मांजर चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद वा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

जो प्राणी धान्याची राखण करतो, त्याची राखण करणे हे धन्याचे कर्तव्य आहे. त्यातच त्याच्या मुलाबाळांचे व गुरांचेही रक्षण आहे.