विश्लेषण : माइक नवा, घरघर मात्र जुनीच! दोष संगणकात की घराच्या अर्थिंगमध्ये?

ऑनलाइन मुलाखत सुरू होते आणि समोरून पहिलेच वाक्य येते, ‘तुमच्याकडून फार आवाज येतोय.’ खोलीचे दार बंद, पंखा बंद, बाहेर शांतता. तरी हेडफोनमध्ये एकसारखी ‘घूंऽऽ’ चालूच. छत्रपती संभाजीनगरात सिडको, हडको, गारखेडा, उस्मानपुरा अशा भागांत भाड्याच्या खोलीतून ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या, मुलाखती देणाऱ्या किंवा यूट्यूबसाठी व्हिडिओ करणाऱ्या तरुणांना हा अनुभव नवा नाही. त्यावरचा पहिला उपायही ठरलेला असतो, तो म्हणजे नवा माइक मागवणे. पैसे जातात, घरघर राहते. कारण बऱ्याचदा दोष माइकमध्ये नसतोच. तो शोधायला खर्च लागत नाही, अर्धा तास लागतो. आणि हा शोध भिंतीतल्या सॉकेटपर्यंत पोहोचला, तर तो अर्ध्यावर सोडणे धोक्याचे आहे.

आवाजावरून दोष ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. जाड, एकसुरी ‘घूंऽऽ’ किंवा भुणभुण ही ५० किंवा १०० हर्ट्झची असते आणि ती घरातील विजेच्या वायरिंगमधून आलेली असते. माउस हलवला, स्क्रीन वर-खाली केली की बदलणारा ‘चीं-किर्र’ आवाज संगणकाच्या आतून, बहुतेक वेळा यूएसबीच्या वीजपुरवठ्यातून येतो. मधूनच येणारी ‘टक-टक-डर्रर्र’ ही शेजारी ठेवलेल्या मोबाइलची. फोन टूजी नेटवर्कवर असताना सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरी सोडतो, त्या वायरीत उतरतात. पावसासारखी ‘सर्रऽऽ’ ऐकू येत असेल, तर माइकची पातळी गरजेपेक्षा जास्त वाढवलेली आहे.

माइकमधून निघणारा सिग्नल अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. तो शेकडो पटींनी वाढवला जातो. त्यामुळे वायरीत शिरलेली नगण्य गडबडही तितकीच मोठी होऊन कानावर येते.

शोध कसा घ्यायचा?

नियम एकच, एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड करावी आणि सुरुवातीला काय बदलले ते बोलून ठेवावे. ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगचा आलेख काढता येतो. त्यात ५०, १००, १५० हर्ट्झवर टोके दिसली, तर संशयित विजेची वायरिंगच.

१. मोबाइल दोन-तीन हात लांब ठेवा किंवा फ्लाइट मोडवर टाका.

२. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडलेला असेल, तर एचडीएमआय केबलही काढा, नाहीतर चाचणी अपुरी राहते.

३. डेस्कटॉप असेल तर पुढच्या ऐवजी मागच्या जॅकमध्ये माइक लावा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून, गोंगाटातून येते. तरीही आवाज राहिला, तर यूएसबी साउंड कार्ड लावून पाहा.

४. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, कूलर, मंद-तेज होणारे दिवे एकेक करून बंद करा. पंखा बंद केल्यावर त्याचा वारा थांबला की रेग्युलेटरमुळे होणारी गडबड थांबली, हे आलेखावरून कळते.

५. लाइट गेल्यावर, म्हणजे इन्व्हर्टरवर, आवाज वाढतो का ते पाहा. स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या स्वस्त इन्व्हर्टरवर पंखाही गुणगुणतो आणि माइकही. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास खूप कमी असतो.

६. माइकची वायर चार्जरच्या वायरीला समांतर जात असेल तर वेगळी करा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

चार्जर काढला की घरघर का थांबते?

याची दोन कारणे असू शकतात. पहिले म्हणजे ‘ग्राउंड लूप’. संगणक एका बोर्डावर, स्पीकर किंवा टीव्ही दुसऱ्या बोर्डावर आणि टीव्हीला गच्चीवरून आलेली डिशची केबल, अशी रचना अनेक घरांत असते. प्रत्येक ठिकाणचे अर्थिंग किंचित वेगळे असते. तो फरक ऑडिओ केबलच्या जाळीतून प्रवाह वाहवतो आणि ‘घूंऽऽ’ सुरू होते. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतली की हा त्रास अनेकदा तिथेच संपतो.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे, घरात अर्थिंगच नसणे. तीन पिनच्या चार्जरमध्ये गडबड गाळण्यासाठी बसवलेले छोटे कपॅसिटर ती अर्थच्या वायरीत सोडतात. ती वायर भिंतीत कुठेच पोहोचत नसेल, तर लॅपटॉपच्या धातूच्या भागावर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असतो, म्हणून बोट फिरवल्यावर फक्त झिणझिण्या येतात. लॅपटॉपला हात लावताच घरघर कमी होते का, हे पाहावे. होत असेल, तर त्या क्षणी अर्थिंगचे काम माणसाचे शरीर करत आहे.

याचा शहराच्या जमिनीशी काय संबंध?

वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या बेसॉल्टमध्ये कोरले, त्याच दख्खनच्या कातळावर हे शहर उभे आहे. अनेक भागांत थोडी माती, थोडा मुरूम आणि खाली खडक लागतो. कोरडा कातळ विजेला सहज वाट देत नाही. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरण्याची व त्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत आहे. एप्रिल-मेमध्ये जिथे पिण्याच्या पाण्याची वाट पाहावी लागते, तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोण घालणार? खड्डा कोरडा पडतो, मिठाने पट्टी गंजते आणि वर फरशी बसवली की तो खड्डा कुठे होता हेही कोणाला आठवत नाही. पावसाळ्यात गायब झालेली घरघर उन्हाळ्यात परतत असेल, तर या खड्ड्याचा संशय जरूर घ्यावा.

तिसरी पिन काढून टाकली तर?

ग्राउंड लूपवरचा सर्वांत घातक ‘जुगाड’ हाच. तिसरी पिन कापली किंवा दोन पिनचा अॅडाप्टर लावला की कधी कधी घरघर थांबते आणि उपाय सापडल्यासारखे वाटते. प्लगची ती पिन लांब आणि जाड ठेवण्यामागे कारण आहे. ती सर्वांत आधी जोडली जावी, सर्वांत शेवटी सुटावी आणि चुकून फेजच्या छिद्रात जाऊ नये. ती कापल्यावर आत फेजची वायर बॉडीला लागली, तर प्रवाहाला जायला वाट माणसातूनच उरते.

दुसरी वाईट सवय काही वायरमनची. अर्थची वायर नसेल, तर सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडून दिला जातो. टेस्टरवर सगळे ठीक दिसते. पण पुढे न्यूट्रल तुटला, तर घरातील प्रत्येक धातूच्या उपकरणाची बॉडी करंट धरते.

मराठवाड्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतच असतात. लॅपटॉपवर झिणझिण्या देणारा आणि पत्र्याच्या कूलरला जीवघेणा बनवणारा दोष अनेकदा एकच असतो. फरक एवढाच की माइक तो आधी ऐकवतो.

मग करायचे काय?

हल्ली अनेक मीटिंग अॅपमध्ये आवाज गाळणारे बटण असते. मुलाखतीच्या दिवशी ते जरूर वापरावे. पण ते दोष झाकते, काढत नाही, आणि बोलणाऱ्याच्या आवाजाचाही थोडा भाग खाते. घरघर बॅटरीवर थांबत असेल आणि बॉडीला झिणझिण्या येत असतील, तर पुढचा खर्च माइकवर नव्हे, परवानाधारक इलेक्ट्रिशियनवर करावा.

त्याला तीन मोजमापे दाखवायला सांगावीत. फेज ते न्यूट्रल सुमारे २३०, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल ते अर्थ जेमतेम एक-दोन व्होल्ट. शेवटचा आकडा कूलर, इस्त्री चालू असतानाही अगदी शून्य आला, तर सॉकेटमध्ये न्यूट्रल जोडला आहे का ते उघडून पाहायला लावावे. खड्ड्याची खरी स्थिती अर्थ टेस्टरनेच कळते. सोबत ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. करंट गळू लागताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. अर्थिंग कसे करावे याचे भारतीय मानकही आहे, आयएस ३०४३.

खरी अडचण भाड्याच्या खोलीत येते. वायफाय, गरम पाणी, पार्किंग विचारून खोली घेतली जाते, अर्थिंग कोणी विचारत नाही. घरमालकाला तो भाडेकरूचा हट्ट वाटतो आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा विद्यार्थी त्यासाठी भांडत नाही. खरे तर ही जबाबदारी सरळसरळ घरमालकाची आहे. खोली देताना दाराच्या कुलपाइतकेच चालू अर्थिंगही द्यायला हवे. भाडेकरूनेही संकोच न करता दहा सेकंदांचे ते रेकॉर्डिंग घरमालकाला ऐकवावे आणि उन्हाळ्यात कूलर लावण्याआधी काम करून घ्यावे.