स्मूदी? अगं, हे तर शिकरण!

भाईंदर स्टेशन, सकाळचे पावणेआठ. पोटात काय? अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. तीसुद्धा शूजच्या लेस बांधता बांधता कोंबलेली. खरं सांगा, तुमचं पण सेमच ना?

माझं तर वर्षानुवर्षं हेच रुटीन होतं. इथून चर्चगेट म्हणजे ४३ किलोमीटर, विरारहून आलेल्या गाडीत आधीच श्वास घ्यायला जागा नाही, त्यात बसायला मिळणं म्हणजे लॉटरी. ब्रेकफास्ट वगैरे ऑफिसात बघू, असं म्हणायचं आणि ऑफिसात गेल्यावर मेल बघायचे. मग एके दिवशी बोरिवलीच्या आधीच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. एका काकूंनी चटकन उठून जागा दिली, डब्यातली पोळी-भाजी गुंडाळून हातात ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, ''सकाळी काय खाल्लंस?'' मी गप्प. पोळी मात्र शेवटच्या घासापर्यंत संपवली.

त्या आठवड्यात मी स्मूदीच्या नादाला लागले. मोठा थाट होता. उंच ग्लास, जाड स्ट्रॉ, वरून चार बदाम. पहिला ग्लास आईसमोर धरला. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, ''यात काय नवीन? केळं, दूध, वेलची. शिकरणच की गं!''

आणि प्रॉब्लेम हा की ती बरोबर होती.

म्हणजे बघा, अमेरिकेत १९७३मध्ये स्टीव्ह कूनाउ नावाच्या माणसाने लुइझियानात 'स्मूदी किंग' हे दुकान काढलं. त्याला दूध पचायचं नाही, म्हणून तो घरीच फळांची मिश्रणं करून बघायचा, त्यातून हा धंदा सुरू झाला. आपल्याकडे आज्या त्याच्या कितीतरी आधीपासून केळं कुस्करून दुधात घालत होत्या. फरक एवढाच की शिकरण चमच्याने किंवा पोळीशी खातात आणि त्यात साखर पडते. स्मूदीत अख्खं फळ मिक्सरमधून काढून त्याला दही, ओट्स, सुका मेवा असं काहीतरी वजनदार जोडतात. ज्यूस गाळला की चोथा गेला. मिल्कशेक म्हणजे मुख्यतः दूध, साखर आणि मूड असेल तर आइस्क्रीम. स्मूदीत चोथा आतच राहतो, म्हणून ती घट्ट होते आणि दादरपर्यंत पोट धरून ठेवते. फंडा एवढाच.

मिक्सरचं टेन्शन घेऊ नका. महागडा ब्लेंडर घ्यायची काहीच गरज नाही. आपला घरचा मिक्सर मुळात याहून कठीण कामासाठी बनलाय. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथूर या इंजिनीअरच्या घरचा परदेशी मिक्सर बंद पडला आणि बायको माधुरी यांच्यासाठी त्यांनी स्वतःच दणकट मोटरचा मिक्सर तयार केला. तोच 'सुमीत'. इडलीचं पीठ आणि ओल्या खोबऱ्याची चटणी वाटणाऱ्या मशीनला एक केळं म्हणजे टाइमपास! फक्त दोन गोष्टी सांभाळा. अख्खे बर्फाचे खडे टाकू नका. आणि भांड्यात आधी दूध-दही, मग फळ. उलटं केलंत तर गोठलेल्या फोडी पात्यात अडकतात आणि मोटर नुसती घुं घुं करत बसते. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, नाहीतर झाकणातून सगळं टाइल्सवर. (विचारू नका मला कसं माहीत.)

आता माझी रोजची रेसिपी. रात्री जेवणं झाली की एक पिकलेलं केळं सोलून, चकत्या करून डब्यात घालते आणि डबा फ्रीझरमध्ये टाकते. तीन चमचे ओट्स आणि चार-पाच बदाम वाटीभर पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये. सकाळी अर्धी वाटी दही, अर्धी वाटी थंड दूध, भिजलेले ओट्स, सोललेले बदाम, केळ्याच्या चकत्या, चिमूटभर वेलची. दोन-तीन झटके देऊन मग सलग पाऊण मिनिट फिरवायचं. साखर? शून्य. केळ्याच्या सालीवर काळे ठिपके आले असतील तर साखरेची आठवणसुद्धा येत नाही. सकाळी सव्वासहाला मिक्सर लावला की भिंतीपलीकडच्या काकू काय म्हणतील, ही भीती मलाही होती. मिक्सरखाली जाडसर नॅपकिन घडी करून ठेवा, आवाज बराच बसतो.

ओट्सचा कंटाळा आला तर नाचणी. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून रात्री शिजवायचं, गार करायचं आणि सकाळी ओट्सच्या जागी घालायचं. कच्चं पीठ तसंच टाकू नका, घशाला लागतं.

फळांच्या बाबतीत आपण वेस्टर्न लाइनवाले जाम लकी आहोत. सुकेळीवाली वसई पुढच्याच स्टेशनांवर, चिकूचं घोलवड याच रुळांवर डहाणूच्या पुढे. डहाणू-घोलवडच्या चिकूला जीआय टॅगसुद्धा आहे. थंडीत चिकू छान मिळतात तेव्हा दोन चिकू, अर्धी वाटी दूध, अर्धी वाटी दही आणि चिमूटभर इन्स्टंट कॉफी. ट्राय करा, कॅफेमधली महागडी कोल्ड कॉफी विसराल. चिकू मात्र बोटाने दाबल्यावर मऊ लागला पाहिजे, अर्धकच्चा असेल तर तोंड आवळतं. जूनमध्ये पालघरकडची जांभळं येतात. बिया काढून गर फ्रीझ केला की पावसाळाभर पुरतो.

पपई आणि अननस थोडे नाटकी आहेत. दोघांतही दुधातलं प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं. करून लगेच प्यायलात तर मजा, पण बाटलीत भरून अकराच्या मीटिंगला काढलीत तर कडू झालेली असेल. फळ फ्रीझ केल्याने हे एन्झाइम मरत नाही. तेव्हा ही दोन रविवारी.

केळ्याचीही एक गंमत २०२३मध्ये समोर आली. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी लोकांना केळ्याची स्मूदी दिली आणि नंतर त्यांच्या शरीरातली फ्लॅव्हॅनॉल्स मोजली. बेरी, सफरचंद, द्राक्षं, कोको यांत मिळणारे हे हृदयाला चांगले घटक. नुसती फ्लॅव्हॅनॉलची कॅप्सूल घेतलेल्यांपेक्षा ती ८४ टक्के कमी निघाली! कापलेलं केळं ज्या एन्झाइममुळे काळं पडतं, त्याचाच हा प्रताप. म्हणजे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी महागात आणली असेल तर तिच्यात केळं घालू नका. घट्टपणासाठी दही पुरतं. नुसत्या केळ्याच्या स्मूदीला याने काही फरक पडत नाही, ती बिनधास्त प्या.

इथपर्यंत सगळं कूल होतं. मग मी एक माती खाल्ली.

बाबांना डायबिटीस आहे. मी इतक्या उत्साहात की त्यांनाही रोज मोठा ग्लास द्यायला लागले. मे महिना होता. दोन हापूस, एक केळं, चार खजूर, वर दोन चमचे मध. साखर अजिबात नाही हं बाबा, सगळं नॅचरल! ते बिचारे लेकीने केलंय म्हणून संपवायचे. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला आणि जेवणानंतरचा आकडा दोनशेच्या बराच वर. डॉक्टरांनी आहारात काय बदललं विचारलं, तेव्हा बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ''काही नाही, थोडी फळं जास्त झाली.''

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन मी ती सगळी सामग्री एका ताटलीत मांडली. दोन आंबे, एक केळं, चार खजूर, मध. एका बैठकीत एवढं चावून खायला कोणी सांगितलं तर आपण हात जोडू. ग्लासात ते चार मिनिटांत उतरतं आणि वर जेवायला आपण मोकळे. शिवाय मध नॅचरल असला तरी जागतिक आरोग्य संघटना त्याला साखरेच्याच खात्यात धरते, ज्यूसमधल्या साखरेलाही. या खात्यातली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५, असं २०१५पासून त्यांचं सांगणं आहे. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तर ज्यूस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटर पुरे म्हणते. आपला चहाचा कप आठवा. तेवढंच.

तेव्हापासून आमच्या घरी नियम बदललेत. एका ग्लासात फळ एकच, मध-खजूर बाद, दही भरपूर. आणि ती ब्रेकफास्टच्या ऐवजी, ब्रेकफास्टवर बोनस म्हणून नाही. डायबिटीस असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, हे मी आता घसा फोडून सांगते.

गाडीत न्यायची असेल तर? माझं ऐका, नेऊ नका. मी एकदा नेली होती. मिरा रोडला लोंढा आत आला, बॅग दाबली गेली, झाकण सुटलं आणि पुढच्या मुलीच्या पांढऱ्या कुर्त्यावर चिकू-कॉफी. ती अंधेरीपर्यंत माझ्याकडे बघत होती. उकाड्यात दूध-दह्याचं तासाभरात काय होतं, ते वेगळंच. घरीच उभ्या उभ्या पिऊन निघा, आणि निघायच्या आधी मिक्सरच्या भांड्यात अर्धा ग्लास पाणी, साबणाचा एक थेंब घालून पुन्हा एकदा फिरवून ठेवा. संध्याकाळी वाळलेलं केळं खरवडत बसण्याइतकं बोअर काम दुसरं नाही.

बाबा अजून पितात, पण त्यांच्या त्या छोट्या स्टीलच्या फुलपात्रातून, आणि दोन घोट झाले की थांबून आईला विचारतात, ''पोळी आहे का गं एखादी?''