पाटी कंपनीची, जोखीम आपली



पिढीजात कापड, भुसार वा भांड्यांचे दुकान असलेल्या अनेक घरांत सध्या एकच चर्चा ऐकू येते. मुलाला जुन्या गादीवर बसायचे नाही, नामांकित साखळीची फ्रँचायझी घ्यायची आहे. वडील विचारतात, "यात आपले काय?" मुलगा विचारतो, "यात धोका कसला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे कराराच्या कागदांत व हिशेबाच्या वहीत सापडतात.

फ्रँचायझीत नाव, कार्यपद्धती आणि बहुधा मालही कंपनीचा असतो. जागा, भांडवल, नोकर आणि तोटा आपला. वितरक माल विकत घेतो आणि आपल्या रीतीने विकतो. येथे मात्र फलकाच्या रंगापासून मालाच्या किमतीपर्यंत बरेच काही कंपनी ठरवते. मुदत संपली की नावही परत जाते. तयार ख्याती, प्रशिक्षण आणि ठरलेली घडी हे मोठे लाभ होत. नवख्या माणसाची चाचपडण्याची वर्षे त्यामुळे वाचतात. परंतु त्यांचे मोल दरमहा मोजावे लागते.

एक काल्पनिक हिशेब पाहू. खाद्यपदार्थांच्या दुकानाची कर वगळून मासिक विक्री ६ लाख रुपये आहे. कच्चा माल ४० टक्के, म्हणजे २,४०,०००. रॉयल्टी ६ टक्के व जाहिरात वर्गणी २ टक्के मिळून ४८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ८,६४०. उपाहारगृह ५ टक्के दराने कर भरत असेल, तर या कराची वजावट मिळत नाही. तो खर्चच होतो. पगार १,२०,०००, वीज व किरकोळ ४५,०००, भाडे ८०,०००. हाती उरतात ५८,३६०. गुंतवणूक ४० लाखांची असेल, तर १० टक्के दराने महिन्याचे व्याज ३३,३३३. मुलाच्या श्रमाचे उरले सुमारे २५ हजार.

आता विक्री केवळ १० टक्क्यांनी घटली असे धरा. शिल्लक २८,०२४ वर येते आणि व्याज जाता तोटा होतो. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. आपण तोट्यात असलो तरी कंपनीला तिचा वाटा मिळतोच. जागा स्वतःची आहे म्हणून भाडे न धरणे ही तर आपल्या घरांतील नेहमीची चूक. ती जागा दुसऱ्यास दिली असती तर भाडे आलेच असते.

अमेरिकेत करारापूर्वी किमान १४ दिवस सविस्तर माहितीपत्र देणे कंपनीवर बंधनकारक आहे. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही; १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच मुख्यतः भिस्त. म्हणून माहिती आपणच मागावी. गेल्या तीन वर्षांत किती दुकाने बंद पडली? जवळच दुसरे दुकान न देण्याची हमी आहे का? मुदतीपूर्वी बाहेर पडल्यास अनामतीचे व शिल्लक मालाचे काय? विद्यमान चार-पाच दुकानदारांना स्वतः भेटावे. बँकेतील अनुभव सांगतो, कर्ज प्रसिद्ध नावाला मिळत असले तरी हप्ता गल्ल्यातूनच फेडावा लागतो.

आपल्यासाठी आणखी एक प्रश्न महत्त्वाचा आहे. श्रावकाने पंधरा कर्मादाने टाळावीत, असे शास्त्र सांगते. १९९६ साली भारतात आलेल्या मॅकडोनाल्ड्सने येथे गोमांस व डुकराचे मांस वगळले. पण तो निर्णय कंपनीचा होता, एखाद्या दुकानदाराचा नव्हे. आज शाकाहारी असलेल्या साखळीने उद्या अंड्याचा पदार्थ आणला, तर तो नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे का? असल्यास तो करारात लेखी हवा. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी वर्षभरात बदलून जातो.

ही उत्तरे समाधानकारक असतील, तर वडिलांनी मुलाला खुशाल आशीर्वाद द्यावा. नसतील, तर त्याच ४० लाखांतला काही भाग जुन्या दुकानाची मांडणी, संगणकीय हिशेब आणि घरपोच सेवा यांवर लावून पाहावा. त्या दुकानाच्या पाटीवरचे नाव आपले आहे आणि त्यावर रॉयल्टी द्यावी लागत नाही.