एक षष्ठांश कान

मंडळी, आज थोडे गणित. घाबरू नका, मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई, त्यामुळे गणित पाचवीच्या पुढे जाणार नाही.

एका माणसाचा डावा कान पूर्ण गेला आहे. उजवा ठणठणीत आहे. तर तो माणूस किती टक्के बहिरा? तुम्ही म्हणाल, पन्नास. चूक. सरकारी उत्तर आहे १६.६७ टक्के. दिव्यांगत्व मोजण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली जी नियमावली काढली तिच्यातले सूत्र असे: चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचाने गुणा, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवा आणि बेरजेला सहाने भागा. शून्य गुणिले पाच शून्य, अधिक शंभर, भागिले सहा. झाले उत्तर. म्हणजे एक अख्खा कान गेला तर गेला फक्त सहावा हिस्सा. आणि बहुतेक सवलतींचे दार उघडते ४० टक्क्यांना.

मूळ कायदा तर त्याहून स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कर्णबधिर' आणि 'कमी ऐकू येणारा' या दोन्ही व्याख्या 'दोन्ही कानांत' या शब्दांवर उभ्या आहेत. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात 'चांगल्या कानात ६० डेसिबल किंवा अधिक' असे होते. एकवीस वर्षांनी शब्द बदलले, पण एका कानाचे लोक तेव्हाही बाहेर होते आणि आताही बाहेरच आहेत.

आता सरकारी कागद मिटून कुर्ल्याच्या बाजारात या. इथे हिशेब उलटा. माझ्या एका गेलेल्या कानासाठी मला यंत्रे घ्यावी लागतात दोन! का, ते पुढे सांगते. पण आधी आकडे बघा. सरकार म्हणते, तुमचे नुकसान एक षष्ठांश. दुकानदार म्हणतो, दोन नग घ्या. या दोघांच्या मधल्या दरीत माझ्यासारखी माणसे उभी आहेत, आणि त्याबद्दल मी आज जरा चिडूनच लिहिणार आहे.

माझा डावा कान सहा वर्षांपूर्वी एका रात्रीत गेला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले, स्टिरॉइडचे उपचार झाले, पण कान परत आला नाही. असे होते काही जणांचे. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर जे ऐकावे लागले त्याबद्दल. "दुसरा आहे ना शाबूत!" हे वाक्य मी नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, एका डॉक्टरांच्या कंपाउंडरकडूनही ऐकले आहे. आमचे एक भावजी तर म्हणाले, "वहिनी, तुमचं बरं झालं. एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सोडून द्यायचं ही सोयच राहिली नाही, आता सगळं डोक्यातच राहणार!" मी हसले. विनोद चांगलाच होता. पण विनोदाच्या पलीकडे कोणी जात नाही, ही अडचण आहे.

दोन कान हे दोन डोळ्यांसारखे शोभेला दिलेले नाहीत. आवाज डावीकडून आला की तो उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. किती उशिरा? फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, सुमारे ०.६ मिलिसेकंद. एवढ्या फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो. पस्तीस वर्षे मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना मागे कोणत्या बाकावर कुजबुज झाली ते न वळता सांगत असे. मुलांना वाटे बाईंना पाठीला डोळे आहेत. डोळे नव्हते, दोन कान होते. आज घरात मोबाईल वाजला तर तो स्वयंपाकघरात आहे की बाहेरच्या खोलीत, ते मला कळत नाही. एलबीएस मार्गावर हॉर्न ऐकू येतो, पण कोणत्या बाजूने सरकायचे ते ऐकू येत नाही. इलेक्ट्रिक बस तर हॉर्नशिवाय जवळ आली तर कळतच नाही.

दुसरे म्हणजे डोके मधे येते. डाव्या बाजूने आलेल्या आवाजावर आपल्याच डोक्याची सावली पडते आणि उंच पट्टीचे आवाज पंधरा-वीस डेसिबलने उतरतात. आता मराठीची बाई म्हणून सांगते, स्वर खालच्या पट्टीत असतात आणि स, श, त, फ ही मंडळी वरच्या. म्हणजे डावीकडे बसलेल्याचे स्वर पोचतात आणि व्यंजने गळतात. भाजीवाला 'सात' म्हणाला की 'साठ', हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचे. शांत खोलीत हे जमते. कुर्ला स्टेशनवर सहाव्या फलाटाची घोषणा, सातव्यावरची गाडी आणि डोक्यावरून उतरणारे विमान एकत्र आले की एका कानाला त्यातून माणसाचा आवाज वेगळा काढता येत नाही. हे सगळे त्या एक षष्ठांशात कुठे बसते?

आणि मी तर सत्तरी ओलांडलेली बाई. मला माझी काळजी कमी आणि वर्गातल्या पोरांची जास्त वाटते. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात फ्रेड बेस आणि अ‍ॅन मरी थार्प यांनी १९८० च्या दशकात फक्त एका कानाने ऐकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. त्यातली ३५ टक्के मुले एखाद्या तरी इयत्तेत नापास झालेली निघाली. तोपर्यंत तिकडेही 'दुसरा कान आहे ना' हेच चालत होते. आपल्याकडे साठ मुलांच्या वर्गात, पंखे घरघरत असताना, भिंतीकडे चांगला कान करून बसलेला मुलगा 'लक्ष नसलेला' ठरतो. त्याला आपण सोळा टक्के म्हणायचे आणि पुढे जायचे?

आता दुकान. नाव लिहीत नाही, कारण एकट्या त्या दुकानाचा हा दोष नाही. मोफत तपासणीची पाटी होती. काचेच्या मागे एक खुर्ची, बाहेरचा रिक्षांचा आवाज आत येतोय, अशा ठिकाणी दहा मिनिटांत तपासणी झाली. मुलगा गोड होता. म्हणाला, "आजी, डाव्या कानाला जरा पॉवरफुल मशीन लावू, सोळा चॅनेलचं." मी विचारले, "बाळ, या आलेखात डाव्या कानाची रेघ पार तळाला गेलीय. तिथे आवाज कितीही मोठा केला तरी ऐकणार कोण?" तो म्हणाला, "सवय होईल." कशाची सवय, ते त्याने सांगितले नाही.

मंडळी, हे नीट समजून घ्या, कारण इथेच पैसे बुडतात. कानात थोडे जरी ऐकू येत असेल आणि शब्द समजत असतील तर साधे श्रवणयंत्र उपयोगी पडते. पण कान पूर्ण गेला असेल तर त्या कानात आवाज वाढवणारे यंत्र घालणे म्हणजे बंद नळाला मोठी बादली लावणे. अशा वेळी वेगळ्या प्रकारची साधने असतात. पहिले 'क्रॉस'. ही कल्पना १९६५ पासूनची आहे. गेलेल्या कानावर एक मायक्रोफोन बसतो, तो तिकडचा आवाज पकडून चांगल्या कानावरच्या यंत्राकडे पाठवतो. म्हणून दोन नग. चांगला कानही वयाने थोडा उतरला असेल, जसा माझा, तर चांगल्या बाजूचे यंत्र आवाज वाढवतेही. त्याला 'बायक्रॉस' म्हणतात. दुसरा मार्ग हाडातून ऐकण्याचा. कवटीच्या हाडाला कंपने दिली की ती पलीकडच्या चांगल्या कानापर्यंत जातात. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९७७ साली असे रोपण प्रथम झाले. शस्त्रक्रियेआधी डोक्याला पट्टा बांधून याची परीक्षा घेता येते. तिसरा मार्ग कॉक्लिअर इम्प्लांटचा. एका कानाच्या बहिरेपणासाठी अमेरिकेत त्याला २०१९ साली मान्यता मिळाली. त्याचा खर्च लाखांत.

आणि चौथा मार्ग, जो कोणतेही दुकान सांगत नाही: काहीही न घेणे. जागा बदलून बसणे, बोलणाऱ्याला उजवीकडे घेणे. कारण क्रॉस घातला तरी दिशा परत येत नाही, ऐकणारा कान शेवटी एकच. उलट गोंगाट जर गेलेल्या कानाच्या बाजूला असेल, तर यंत्र तो गोंगाट इमानेइतबारे चांगल्या कानात आणून ओतते. चांगला ऑडिओलॉजिस्ट हे आधी सांगतो. विकणारा सांगत नाही. आणि आपल्याकडे तपासणारा आणि विकणारा बहुधा एकच असतो, सगळी गोम इथे आहे. चष्म्याचा नंबर काढून फ्रेम विकणाराही तोच असतो, कबूल. पण चष्मा लावून समोरची पाटी वाचता आली की नाही ते तिथल्या तिथे कळते. यंत्राचे तसे नाही. दुकानाच्या शांत खोलीत सगळीच यंत्रे उत्तम चालतात.

किमतीचे काय? श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. म्हणजे कर भारी म्हणून महाग, हे उत्तर चालणार नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली, त्यामुळे एमआरपी वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पण मुळात एमआरपी किती छापावी, याला बंधन नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या रोपणावर घातली. हृदय झाले, गुडघा झाला, कानाची पाळी कधी?

मला बायक्रॉसच्या जोडीचा भाव पहिल्यांदा सांगितला तो एक लाख चाळीस हजार. दुसरीकडे तीच जोडी एक लाख दहा हजारांना. मी विचारले, यात यंत्राचे किती, तपासणीचे किती, बसवण्याचे किती आणि नंतर चार वेळा जुळवून द्यायचे किती? दोन्हीकडे एकच उत्तर, "पॅकेज आहे." अहो, लग्नाच्या हॉलवालासुद्धा जेवण, मांडव आणि वीज वेगळी लिहून देतो! मेडिक्लेमकडे बघावे तर बहुतेक पॉलिसींत चष्मा आणि श्रवणयंत्र शेजारी शेजारी वगळलेले. केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून गरजूंना साधने देते, पण तिला ४० टक्क्यांचा दाखला लागतो. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टी ओलांडलेल्या आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना उपकरणांसाठी एकदाच ३,००० रुपये. योजना चांगलीच आहे, टीका करत नाही. पण तीन हजार आणि एक लाख दहा हजार यांतली वजाबाकी तुम्हीच करा.

मी मुदतठेव मोडून जोडी घेतली, तीही पंधरा दिवस वापरून बघितल्यावर. जेवणाच्या टेबलावर डावीकडून नातू बोलतो ते आता कळते, ही मोठी गोष्ट आहे. स्टेशनवर मी डावीकडचा मायक्रोफोन बंद करते. पण माझ्याकडे पेन्शन आणि ठेव होती म्हणून हे झाले. आमच्या नेहरूनगरात धुणीभांडी करणाऱ्या बाईचा एक कान गेला तर तिला कोण विचारणार?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. ज्यांचे दोन्ही कान गेले त्यांना पैसा आधी मिळायला नको का? हवाच. त्यांच्या वाट्यातले मला काही नको. मला नोकरीत आरक्षण नको, रेल्वेची सवलतही नको. मागणे तीनच आहे, आणि त्यातली पहिली दोन सरकारला जवळजवळ फुकट पडतील. एक, श्रवणयंत्राच्या बिलात यंत्र आणि सेवा वेगळी लिहिण्याची सक्ती. दोन, किमान पंधरा दिवस घरी आणि रस्त्यावर वापरून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे घ्यायला बंदी. तीन, एका कानाच्या शाळकरी मुलांना टक्क्यांची अट न लावता साधन. सूत्र राहू द्या तुमचे, पण ते सूत्र आजार मोजते, गरज मोजत नाही.

हे होईपर्यंत आपण काय करायचे? तपासणी दुकानात करू नका. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, कुर्ल्याहून बीकेसीमार्गे फार लांब नाही. शीव आणि नायर ही पालिकेची रुग्णालयेही आहेत. रांग असते, डबा घेऊन जा. आलेख हातात घेऊन मगच दुकानाची पायरी चढा. 'चॅनेल किती' हे विचारू नका, 'शब्द किती टक्के समजतात' ते विचारा. बॅटरी किती दिवस जाते, पावसाळ्यात दमटपणा आला तर काय करायचे, दुरुस्ती मुंबईत होते का, हेही विचारा. आणि नुसत्या खोलीत ऐकून 'छान आहे' म्हणू नका. यंत्र कानात घालून स्टेशनच्या रस्त्यावर भाजी घेऊन या. तिथे 'सात' आणि 'साठ' कळले तर पैसे द्या.

तुमच्या घरात कोणी एका कानाचे असेल तर अनुभव जरूर कळवा. दुकानांचे भावही लिहा, नावे नकोत, आकडे चालतील. दहा जणांचे आकडे जमले तर ग्राहक पंचायतीकडे पाठवायचे मनात आहे.

ता. क. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर 'मळ असेल' म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितके लवकर तितके, उपचारांचा उपयोग होण्याची शक्यता अधिक.

ता. क. २ पुढच्या महिन्यात लग्नाला भेटणाऱ्या समस्त भाचेमंडळींसाठी: माझ्या उजवीकडे बसा. डावीकडे भावजींची जागा राखून ठेवली आहे.