मुखेडचा मुलूख कोरडा नाही

महाराष्ट्राच्या मनातल्या नकाशावर मराठवाडा कायम तपकिरी रंगाचा असतो. भेगाळलेली जमीन, टँकरभोवतीची झुंबड, डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका. हे चित्र खोटे नाही, पण त्याखाली जे शीर्षक छापले जाते, ‘निसर्गाने शापिलेली भूमी’, ते खोटे आहे. या धाग्याचा विषय तोच आहे.

आधी आकडे. नांदेड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लंडनमध्ये पडतो ६०० च्या आसपास. जैसलमेरला २०० सुद्धा नाही आणि इराणसारख्या अवाढव्य देशाची सरासरी २५० च्या आतबाहेर आहे. या हिशेबाने मुखेडला वाळवंटाच्या पंक्तीत बसवणे हास्यास्पद ठरते. फरक एवढाच की लंडनचा पाऊस बारा महिने झिमझिमतो आणि मुखेडचा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यातही मोजक्या काही दिवसांत, कोसळून जातो. पाणी येते आणि थांबायला जागा नसली तर निघून जाते. या जागेचा प्रश्न प्रत्येक काळात कोणी सोडवला, कोणासाठी सोडवला आणि कोणाला त्यातून वगळले, हा खरा इतिहास आहे. लढायांच्या तारखा पाठ असलेल्या तरुण अभ्यासकांच्या वाट्याला तो क्वचित येतो.

मुखेड बालाघाटाच्या पूर्व उतारावर आहे. पश्चिमेकडून आलेला काळा बेसाल्ट या भागात संपत येतो आणि नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला, देगलूर-बिलोलीच्या बाजूस, त्याच्याखालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. बेसाल्टच्या थरांत पाणी मुरते ते भेगांपुरते. ग्रॅनाइटच्या मुलखात गोलाकार टेकड्या, त्यांच्यामधले उथळ खोलगट भाग, आणि म्हणून तलाव. शेजारच्या तेलंगणात काकतीयांच्या काळापासून तलावांच्या माळा उभ्या राहिल्या त्या या खडकाच्या जोरावर. माणसांचीही इथे अशीच सरमिसळ आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. लिंगायत, हटकर, मराठा, बंजारा, दलित, मुसलमान एकाच शिवारात राबतात. आणि या सगळ्यांच्या दावणीला लाल कंधारी. गर्द तांबड्या अंगाची, मध्यम बांध्याची, थोड्या वैरणीवर तग धरणारी ही गोवंशाची जात कंधार-मुखेडच्या परिसराने घडवली. ज्या समाजाने असे जनावर पिढ्यान् पिढ्या निवडून जोपासले, त्याला आपल्या हवामानाची ओळख नव्हती असे म्हणणे कठीण आहे.

मुखेडमधल्या दशरथेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरावर नृत्य करणाऱ्या सप्तमातृका आहेत. देगलूर तालुक्यात होट्टलला सिद्धेश्वराचे मंदिर आहे. अशी शिल्पे घडवायला धान्याचे कोठार भरलेले असावे लागते. उपाशी मुलूख मातृकांना नाचवत नाही. ही समृद्धी पावसाच्या लहरीवर उभी राहिली नसणार, याचा पुरावा शेजारच्या कंधारात आहे.

राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत, आणि हे लट्टलूर म्हणजे लातूर असे अभ्यासक मानतात. त्यांच्यापैकी तिसऱ्या कृष्णाच्या, म्हणजे दहाव्या शतकाच्या काळात कंधारला वैभव आले. तिथल्या शिलालेखात ‘जगत्तुंग समुद्र’ हे नाव येते. तलावाला समुद्र म्हणण्यात अतिशयोक्ती आहे खरी, पण ती राज्यकर्त्यांना काय मिरवावेसे वाटत होते हेही सांगते. आज कंधारच्या भुईकोटाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर भरपूर फिरतात. दरवाजे, बुरूज, तोफा, सगळे असते. खंदकातले पाणी जगत्तुंग सागराच्या जिवावर खेळत असे, याचा उल्लेख शंभरात एखाद्या ठिकाणी सापडतो. ज्याच्यामुळे किल्ला अजिंक्य मानला गेला, ते गावाबाहेरचे तळे कोणाला बघावेसे वाटत नाही!

आता जरा लांबची वाट. इराणचे पठार हा खऱ्या अर्थाने विशाल आणि कोरडा देश. मधोमध दश्त-ए-कवीर आणि दश्त-ए-लूत ही दोन वाळवंटे, कडेला एल्बुर्झ आणि झाग्रोसच्या बर्फाळ रांगा. तिथल्या समाजाने शतकानुशतके एक विद्या सांभाळली: कनात, किंवा कारेझ. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून पाण्याचा थर गाठायचा, तिथून अगदी हलक्या उताराचा बोगदा काढायचा आणि मैलोगणती दूरच्या गावात तो जमिनीच्या पातळीवर उघडायचा. वरून ठरावीक अंतरावर उभी विवरे, माती उपसायला आणि हवा खेळायला. ना मोट, ना बैल. पाणी आपल्या वजनाने चालत येते. वाटपही तितकेच काटेकोर: प्रत्येक कुळाला पाण्याची पाळी, आणि ती मोजायला पाण्यावर तरंगणारे, तळाला भोक असलेले तांब्याचे भांडे. ते बुडाले की पाळी संपली. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपली घटिका याच जातीची.

कनातीचा मोठा गुण असा की ती लोभाला मर्यादा घालते. थरात जेवढे पाणी, तेवढेच बोगद्यातून वाहते. दुष्काळात धार बारीक होते, पण उद्याचे पाणी आज ओढता येत नाही.

ही विद्या मुखेडपासून शंभरेक किलोमीटरवर येऊन पोहोचली. बहमनी सुलतान अहमद शाहने (१४२२ ते १४३६) राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली. त्याने लूतच्या वाळवंटाकाठच्या किरमाण प्रांतातल्या शाह नेमतुल्लाह वलींच्या घराण्याला निमंत्रण दिले आणि त्यांचे वंशज बिदरला येऊन स्थायिक झाले. त्यांच्या मागे-पुढे इराणी कारागीर, व्यापारी, मुत्सद्दी दख्खनमध्ये येत राहिले. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे, खाली बेसाल्ट. जांभ्यातून झिरपलेले पाणी बेसाल्टवर अडते, आणि नेमक्या त्या सांध्यात नौबादचा कारेझ खोदला गेला. परदेशी तंत्र आंधळेपणाने उचलले असते तर ते फसले असते. खणणाऱ्यांनी इथला खडक वाचला होता. शतकांच्या गाळात हरवलेला हा कारेझ अलीकडच्या काळात पुन्हा मोकळा केला गेला.

जाता जाता: ज्या अहमद शाहच्या राजधानीत ही विद्या रुजली, त्याच्या अष्टूर येथील कबरीवरच्या उरुसाला आजही लिंगायत जंगमांचा मान असतो आणि कित्येक भाविक त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. दख्खनच्या समाजाचे असे धागे सरळ रेषेत मांडता येत नाहीत.

मग दुष्काळ पडलेच नाहीत का? पडले, आणि भयंकर पडले. मात्र त्यांचे वर्णन वाचताना आभाळाइतकेच जमिनीवरही लक्ष हवे. १६३० ते १६३२ चा दुष्काळ दख्खनच्या स्मृतीत खोल रुतला. पाऊस हुकला हे खरेच, पण त्याच वेळी शाहजहानच्या फौजा निजामशाहीचा मुलूख तुडवत होत्या. १६३१ मध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना, मोगलांनी कंधारचा किल्ला घेतला. (मोगल इतिहासात दोन कंधार येतात. एक अफगाणांच्या रुक्ष डोंगरांतले, ज्याच्यासाठी मोगल आणि इराणचे शाह पिढ्यान् पिढ्या झगडले. दुसरे हे, दख्खनचे. नवख्या वाचकाची गल्लत होते.) सैन्य चालते ते धान्यावर आणि वैरणीवर, आणि दोन्ही जातात शेतकऱ्याच्या खळ्यातून. त्या उपासमारीत पावसाचा वाटा किती आणि मोहिमांचा किती हे वेगळे काढणे कठीण, पण सगळे खापर आकाशावर फोडणे सोपे आणि म्हणूनच संशयास्पद.

विसाव्या शतकात येऊ. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम पावते, लातूरवरून, बिदरवरून तेलंगणात उतरते, वळसा घेऊन उत्तरेला येते आणि बिलोलीच्या बाजूला गोदावरीला मिळते. मुखेडची लेंडी आणि कंधारची मन्याड तिच्याच लेकी. हैदराबाद संस्थानाने या नदीवर १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर बांधला. अभियंते होते नवाब अली नवाज जंग. पाण्याखाली भाताची आणि उसाची जमीन आली, बोधनला १९३७ मध्ये साखर कारखाना निघाला. नदी मराठवाड्याच्या डोंगरात जन्मली आणि तिची साखर निजामाबादेत झाली. निजामसागर हे उत्तम अभियांत्रिकीचे काम होते, यात शंका नाही. पण वरच्या खोऱ्यातल्या मराठी जिल्ह्यांत त्या तोलाचे काम त्या राजवटीत उभे राहिले नाही, आणि ‘मागास, कोरडा मराठवाडा’ या प्रतिमेत या निवडीचा हिस्सा मोठा आहे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राजवट बदलली, १९५६ मध्ये भाषावार सीमा आखल्या गेल्या. मुधोळ तेलुगू मुलखात गेले, देगलूर-बिलोली मराठीत राहिले. नद्यांना हे कोणी कळवले नाही.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल जुनी माणसे एक गोष्ट हमखास सांगतात: तेव्हा खायला नव्हते, पण प्यायला होते. सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामावर दगड फोडून लोक जगले. आडात, विहिरीत तळाशी का होईना पाणी सापडे. पुढे चक्र उलटे फिरले. ज्या कूपनलिका तहान भागवायला आल्या, त्यांनी शेतीत शिरकाव केला. मांजरा अडवली गेली, कारखाने निघाले, ऊस पसरला. खडकाच्या भेगांत हजारो वर्षांत साठलेले पाणी दोन पिढ्यांत वर काढले गेले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली: दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने इराणच्या कनातींना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

कनातींचा हा गौरव झाला तेव्हा इराणमध्येही त्यांतल्या पुष्कळ कोरड्या पडल्या होत्या. कारण तेच: खोल विहिरी, पंप, आणि पाण्याला पुरून उरणारी पिकांची भूक. तिथल्या मैदानांची जमीन आज उपशामुळे खचते आहे. मराठवाड्याने एकेकाळी त्या देशाची विद्या घेतली होती. अलीकडे त्याचीच चूक घेतली आहे, आणि तीही त्याच्या तिप्पट-चौपट पाऊस पडत असताना.

‘दुष्काळी’ हे विशेषण सोडावे असे म्हणण्यामागे हे कारण आहे. ते सगळ्यांच्या सोयीचे आहे. शाप असेल तर जबाबदार कोणीच नसतो; मदत वाटता येते, हिशेब मागता येत नाही. शिवाय ते विशेषण डोळ्यांवर पट्टी बांधते. मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्प १९८० च्या दशकातला, आंतरराज्य. दशके गेली, पुनर्वसनाचे वाद रेंगाळले. ऑगस्ट २०२५ मध्ये धरणाच्या परिसरात एका रात्रीत दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरले. माणसे दगावली, गोठ्यातली जनावरे दावणीलाच बुडाली. लष्कराला बोलवावे लागले. कोरडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात लोक पाण्यात बुडून मेले, आणि तेही ज्या धरणाने त्यांची तहान भागायची त्याच्या काठी. त्या रात्री पाऊस अपवादात्मक होता. गावे अजून बुडीत क्षेत्रात का होती, या प्रश्नाचे उत्तर पावसाकडे नाही.

धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे दर वर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. म्हणजे नदीला पूर असतो तेवढे चारही महिने पाणी खाली तेलंगणात जाते; दरवाजे खाली येतात तेव्हा परतीचा पाऊसही उरकलेला असतो. त्या सुमारास मुखेड-कंधारच्या तांड्यांवर बिऱ्हाडे बांधली जातात, कोयते धारेला लावले जातात, आणि टोळ्या उसाच्या फडांकडे निघतात.