स्त्रीपुरुषांचे उपवास

भाद्रपद शुद्ध तृतीयेस हरतालिका आणि दुसऱ्याच दिवशीं गणेशचतुर्थी. म्हणजे ज्या दिवशीं घरांतील स्त्रिया पाण्याचा थेंबही घेत नाहींत, त्याच दिवशीं चतुर्थीच्या तयारीचा सारा भार त्यांच्या माथीं येतो. गेल्या वर्षीं त्या सायंकाळीं आमच्या सूनबाईस शेगडीपाशीं घेरी आली. ती सावध झाल्यावर आम्हीं म्हटलें, "सूनबाई, आम्हीही चाळीस वर्षें एकादशी करीत आलों, एका दिवसाच्या उपवासानें असें कसें होतें?" ती हळूच म्हणाली, "मामंजी, तुमच्या एकादशीला खिचडी असते." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें आमच्या एका डॉक्टर विद्यार्थ्याकडून या विषयाची माहिती करून घेतली, ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपण जेवलों कीं अन्नांतील पिष्टाची साखर होऊन ती रक्तांत मिसळते आणि उरलेल्या साखरेचा कांहीं भाग यकृतांत ग्लायकोजेनच्या रूपानें सांठविला जातो. प्रौढ मनुष्याच्या यकृतांतील हा सांठा सुमारें १०० ग्रॅम भरतो. इकडे एकट्या मेंदूसच दिवसाला सुमारें १२० ग्रॅम साखर लागते! त्यामुळें निराहार राहिल्यास एक अहोरात्र लोटतां लोटतां ही कोठी रिकामी होत येते. मग यकृत प्रथिनें इत्यादिकांपासून नवी साखर घडवूं लागतें. आणि चरबीपासून कीटोन नांवाचीं द्रव्यें तयार होतात, तीं मेंदूसही इंधन म्हणून चालतात. साबूदाणा हा तर बहुतांशीं निव्वळ पिष्ट. तो खाणाऱ्याची कोठी रिकामी व्हावी कशी? सूनबाईचें बोलणें शास्त्रशुद्ध होतें.

येथपर्यंत स्त्रीपुरुषांचा मार्ग एकच. पुढें मात्र भेद पडतो. १९७४ सालीं मेरिमी व टायसन या अमेरिकन संशोधकांनीं निरोगी स्त्रीपुरुषांस ७२ तास निराहार ठेवून पाहिलें. तेव्हां स्त्रियांच्या रक्तांतील साखर पुरुषांच्यापेक्षां बरीच खालीं उतरली. अल्पकालीन उपवासांत स्त्रियांच्या रक्तांत चरबीचीं अम्लें व कीटोनही अधिक त्वरेनें वाढतात, असें आढळून आलें आहे. आणि नवल असें कीं, साखर इतकी उतरूनही त्या निरोगी स्त्रियांस त्रास जाणवला नाहीं. अर्थात् हा दुबळेपणा नव्हे. स्त्रीदेहाची ती निराळी रीत आहे. गर्भवतीची गोष्ट मात्र वेगळी. गर्भ साखर सतत ओढून घेत असल्यामुळें तिच्या शरीरांत हे सर्व फेरफार फार लवकर होतात. म्हणून तिनें निराहार राहूं नये.

मग सूनबाईस घेरी कां आली? प्रयोगांतील स्त्रिया कांहीं दिवसभर शेगडीपुढें राबत नव्हत्या. पोटांत पाणी नाहीं, अंगाला घाम, आणि विश्रांति अशी नाहींच; अशा स्थितींत रक्ताचा दाब उतरून डोळ्यांपुढें अंधारी येणें स्वाभाविक आहे. दोष उपवासाचा थोडा आणि आमच्या घरच्या व्यवस्थेचा फार, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे.

आपल्या धर्मशास्त्रांत व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पहिलेंच नांव पाण्याचें आहे. पुढें मुळें, फळें, दूध व औषधही आलें आहे. एवढी उदारता शास्त्रकारांनीं दाखविली असतां घरच्या वडीलधाऱ्यांनीं ती कां दाखवूं नये? मधुमेहावर औषध घेणाऱ्या स्त्रीपुरुषांनीं तर डॉक्टरांस विचारल्यावांचून निराहार राहूंच नये.

सूनबाईनें व्रत सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. तो निर्णय तिचा. परंतु येत्या हरतालिकेस नारळ खवण्याचें व पूजेचीं भांडीं घासण्याचें काम आम्हीं व चिरंजीवांनीं पत्करलें आहे, आणि पाण्याचा तांब्या आम्हीं स्वतः तिच्यापुढें ठेवणार आहों. घरोघरच्या कर्त्या पुरुषांनीं या सूचनेचा अवश्य विचार करावा.