मोटारीचे ब्रेक आणि घरचे हात

मोटारीच्या पुढील चाकांचे ब्रेकपॅड घरींच बदलावे काय, असें तरुण गृहस्थ आम्हांस विचारतात. आमचें उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या यंत्रामागील तत्त्व ज्यास उमगलें असेल त्यानेंच हात घालावा.

तें तत्त्व शाळेंत शिकविलें जाणारें पास्कलचेंच होय. पायाचा दाब बंदिस्त तेलांतून पिस्टनपर्यंत पोहोंचतो, पिस्टन पॅडास फिरत्या डिस्कवर दाबतो, आणि घर्षणानें गाडी थांबते. (पॅडास ‘घर्षणपट्टिका’ म्हणून पाहिलें, पण त्या नांवानें दुकानदार कांहींच देणार नाहीं!) पॅड झिजेल तसा पिस्टन पुढें सरकतो, त्याच्या मागची जागा तेल व्यापतें, आणि टांकींतील पातळी हळूहळू उतरते. हें न जाणणारा मनुष्य वर तेल ओततो. पुढें नवे जाड पॅड बसविण्यासाठीं पिस्टन मागें रेटला कीं तेंच तेल उतूं जातें व गाडीचा रंग खातें. म्हणून टांकीवर आधीं नजर ठेवावी.

नव्या पॅडावरील थर साधारणतः १० मिलिमीटरांचा असतो. तो ३ वर आल्यास पॅड बदलावा, आणि दोन्ही पुढील चाकांचे एकदमच. गाडी सपाट जागीं लावून मागील चाकांस दगड द्यावे, नट गाडी उचलण्यापूर्वींच ढिले करावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं हातही घालूं नये. लोखंडी घोडी लावावी. सोडविलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबत न ठेवतां तारेनें बांधावा. धूळ फुंकूं नये. मागें ड्रम असल्यास त्याच्या वाटेस जाऊंच नये.

परंतु खरा धोका काम संपल्यावरच असतो. मागें रेटलेला पिस्टन पॅडापासून दूर राहतो. अशा स्थितींत पहिल्या दाबास पेडल थेट तळास जातें आणि ब्रेक मुळींच लागत नाहीं. ज्या अंगणांतून गाडी निघावयाची, तेथेंच घरचीं मुलें खेळत असतात! यास्तव चाकें जमिनीस टेकल्यावर, गाडी सुरू करण्याआधीं, पेडल घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हां दाबावें. मग तेलाची पातळी पाहावी. इतकें करूनही पेडल मऊच लागलें, तर तेलांत हवा शिरल्याची शंका घ्यावी, आणि मेकॅनिकास घरीं बोलवावें. गाडी चालवीत त्याच्याकडे नेऊं नये.